लाडू कोण वळतं?

रेडिओवर बसून टीव्हीबद्दल बोलायचं म्हणजे एका जावेच्या घरी बसून दुसरीच्या गोष्टी सांगण्यासारखं आहे. पण विषयच तसा निघाला, आणि तो काढला माझ्या नातीनं.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या अंगणात पोरं छोटा भीम खेळत होती. नातू भीम झाला. शेजारचा अंगानं थोराड मुलगा कालिया, एक लहानगा जग्गू माकड. नात आठ वर्षांची. तिला सांगितलं, तू चुटकी. तिला कुस्ती खेळायची होती. "चुटकी कुस्ती नसती खेळत, चुटकी लाडू आणती," नातवानं निकाल दिला. ती पाय आपटत घरात आली. मी गटाच्या ऑर्डरीचे बेसनाचे लाडू वळत बसले होते. तिनं परातीतले दोन उचलले, दारापर्यंत गेली आणि थांबली. म्हणाली, "आजी, लाडू खाल्ला की भीमला ताकद येती ना? मग टुनटुन मौसी तर रोज लाडू करती. तिला का नाही येत?"

मला काही सुचलं नाही. हात वळत राहिले. ती माझ्याकडं बघत उभी होती, आणि बाहेरून भीम ओरडत होता, लाडू आण म्हणून.

ज्यांच्या घरात लहान मूल नाही त्यांच्यासाठी सांगते. ढोलकपूर नावाचं एक गाव आहे, खोटं. तिथं भीम नावाचा धोतर नेसणारा मुलगा राहतो. संकट आलं की तो लाडू खातो, त्याच्या दंडात बळ येतं आणि तो राक्षसापासून डाकूपर्यंत सगळ्यांना लोळवतो. लाडू करते टुनटुन मौसी. तिचं लाडवांचं दुकान आहे. चुटकी तिची मुलगी, आणि आईची नजर चुकवून भीमला लाडू पोचवते. हैदराबादच्या राजीव चिलका यांच्या कंपनीनं हे कार्टून काढलं आणि २००८ साली ते पोगो वाहिनीवर सुरू झालं. म्हणजे ज्यांनी ते पहिल्यांदा पाहिलं ती पोरं आता कॉलेजात गेली, तरी आजची पोरंही तेच बघतात.

लाडवांचा मला जरा हिशोब आहे. एक किलो बेसन घेतलं तर अर्धा किलो तूप, पाऊण किलो पिठीसाखर. बेसन मंद आचेवर भाजायला तास तरी जातो, आणि तेवढा वेळ उलथणं हातातून सोडता येत नाही, नाहीतर खाली लागतं. मग थंड होऊ द्यायचं, साखर मिसळायची, मळायचं, वळायचं. पन्नास-पंचावन्न लाडू होतात. भीम एका भागात किती खातो ते मी मोजायला गेले आणि सोडून दिलं. त्याचे पैसे कोण देतं, हे मला महिनाभर बघूनही नीट कळलं नाही.

हो, महिनाभर बघितलं. रोज संध्याकाळी पोरांच्या शेजारी बसून. मुलानं मोबाईलवर जुन्या मालिकांचे भाग काढून दिले, तालुक्याच्या वाचनालयातून दोन-तीन पुस्तकं आणली. आपण टीव्ही बघतो, पण टीव्ही आपल्याकडं कसा बघत आला, हे मला बघायचं होतं.

आपल्या देशात टीव्ही सुरू झाला १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत. मुंबईला यायला १९७२ सालचा २ ऑक्टोबर उजाडला. तेव्हा ती शहराची चैन होती. पण १९७५ साली एक नवल घडलं. अमेरिकेच्या नासा संस्थेचा एक उपग्रह आपल्याला वर्षभर वापरायला मिळाला, आणि इस्रोनं सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही बसवले. राजस्थान, बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश, आंध्र आणि कर्नाटक. आपला महाराष्ट्र त्यात नव्हता. शाळेत नाहीतर पंचायतीच्या ओट्यावर एक संच, आणि वर कोंबड्यांच्या खुराड्याला मारतात तसल्या जाळीची भलीमोठी छत्री. सकाळी दीड तास शाळेच्या मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास गावासाठी. हा प्रयोग उभा करणाऱ्यांत एक मराठी माणूस पुढं होता, शास्त्रज्ञ एकनाथ चिटणीस. मुलांसाठी विज्ञानाचे कार्यक्रम मुंबईत तयार व्हायचे.

तेव्हा आणीबाणी होती. सरकारचा डांगोरा त्या टीव्हीवर वाजत नसेल असं नाही. पण मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. माणसांच्या राहणीचा अभ्यास करणारे संशोधक त्यातल्या काही गावांत मुक्काम ठोकून राहिले. कार्यक्रम लोकांना कळतो का, बायका कुठं बसतात, पोरं कधी उठून जातात, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं आणि विचारलं. टीव्ही दाखवणारा माणूस बघणाऱ्याच्या ओट्यावर येऊन बसला. ३१ जुलै १९७६ ला वर्ष संपलं, आणि उपग्रह परत घेऊन गेले. पुष्कळ गावांत पडदा तसाच काळा झाला.

शेजारच्या गुजरातमध्ये मात्र ते काम चालू राहिलं. खेडा जिल्ह्यात पिज गावाजवळ एक छोटं प्रक्षेपण केंद्र होतं. तिथं गावकऱ्यांना विचारून, त्यांच्याच बोलीत, त्यांनाच कामाला घेऊन मालिका केल्या जायच्या. हुंडा, जातीचा जाच, सावकारी असे विषय. त्या कामाला १९८४ साली युनेस्कोचं बक्षीस मिळालं. आपला हा रेडिओ ज्या रीतीनं चालतो, तुम्ही फोन करता, आम्ही तुमच्या गावी माइक घेऊन येतो, ती रीत तिकडं टीव्हीवर होती.

मी पहिला टीव्ही बघितला तोही १९८४ सालीच, साताऱ्याला मामाकडं. मी तेरा वर्षांची होते. 'हम लोग' नावाची मालिका ७ जुलैला सुरू झाली होती. तिची कूळकथा ऐकण्यासारखी आहे. विदर्भातले वसंत साठे तेव्हा माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री होते. मेक्सिको देशात घरगुती मालिकांमधून लोकांना कुटुंबनियोजन, साक्षरता असलं शिकवतात, हे त्यांनी तिथं जाऊन पाहिलं आणि तसं इथं करायचं ठरलं. मनोहर श्याम जोशींनी ती लिहिली. दारुडा बाप, सोसणारी आई भागवंती, तीन बहिणी, दोन भाऊ. शेवटी अशोककुमार येऊन दोन समजुतीच्या गोष्टी सांगायचे. मामाच्या खोलीत तीस-चाळीस माणसं असायची, आम्ही पोरी खाटेखाली बसून बघायचो.

त्या मालिकेत धाकटी बहीण होती, तिचं नाव छुटकी. नाव लक्षात ठेवा. ती अभ्यासू होती, तिला डॉक्टर व्हायचं होतं. मी मामाकडून परत येताना एसटीत ठरवून टाकलं होतं की मी पण डॉक्टर होणार. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीला सहा किलोमीटर चालत जायचं, आणि मुलीला एकटीला पाठवायचं नाही असं घरात ठरलं. माझी शाळा सुटली. मी छुटकीवर राग धरला नाही कधी. पण टीव्हीवर कोणीतरी माझ्या वयाच्या मुलीला तसलं काही व्हायला लावलं होतं, हे मला चाळीस वर्षांनी अजून आठवतं. आमच्या नातीच्या चुटकीला काय आठवणार?

'हम लोग'बद्दल आणखी दोन गोष्टी पुस्तकात वाचल्या. एक म्हणजे, बाईनं मुकाट सोसू नये हे दाखवायला भागवंती उभी केली होती, पण संशोधकांनी विचारलं तेव्हा पुष्कळ लोकांना तीच आदर्श बाई वाटली. लिहिणाऱ्यानं एक लिहिलं, बघणाऱ्यानं दुसरंच घेतलं. दुसरी म्हणजे, त्या मालिकेचा खर्च उचलला होता मॅगी नूडल्सनं. तोवर दूरदर्शनवरची मालिका सरकारच्या पैशानं व्हायची. इथून पुढं दुकानदार आला. दोन मिनिटांच्या शेवया तेव्हा नव्या होत्या, मालिकेबरोबर त्या घराघरांत गेल्या. टीव्हीच्या पडद्याआड कोणाचा तरी स्वयंपाक शिजत असतो, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

आता आंब्याची गोष्ट. १९९० च्या पुढं युनिसेफनं भारत, बांगलादेश, पाकिस्तान, नेपाळ या सगळ्या भागातल्या मुलांसाठी एक कार्टून काढलं, 'मीना'. त्याची चित्रं आणि दिग्दर्शन आपल्या राम मोहन यांचं, ज्यांना भारतातल्या ॲनिमेशनचे, म्हणजे हलत्या चित्रांचे, जनक मानतात. मीना कशी दिसावी, काय ल्यावी, हे गावोगावी चित्रं दाखवून, लोकांना विचारून ठरवलं. म्हणजे पुन्हा ओट्यावर येऊन बसणं आलं. पहिल्या गोष्टीत मीनाला शाळेत घालत नाहीत, भाऊ राजू जातो. मग ती आपल्या मिठू पोपटाला शाळेच्या खिडकीत पाठवते. पोपट आकडे शिकून येतो आणि तिला शिकवतो. ती कोंबड्या मोजायला लागते. एक कमी भरते, चोर सापडतो, आणि बापाला पटतं की पोरीला आकडे आले तर घराचा फायदा आहे.

दुसरी गोष्ट आंब्याची. मीनानं कष्टानं आंबा काढला, आणि वाटणीत मोठा तुकडा राजूला. का, तर तो मुलगा, त्याला काम जास्त. मग दोघं एक दिवस कामं बदलतात. राजू झाडतो, पाणी भरतो, कोंबड्या राखतो आणि संध्याकाळी आडवा होतो. मला ही गोष्ट अंगणवाडीच्या ताईंनी एका बैठकीत चित्रांवरून सांगितली होती. बैठकीतल्या बाया हसत होत्या, आणि हसता हसता एकजण म्हणाली, "आमच्यात अजून मटणाचा नळीचा तुकडा पोराच्याच ताटात पडतो." खोली एकदम गप्प झाली. कार्टूननं एवढं केलं तर पुष्कळ केलं.

मग वाहिन्या आल्या. १९९२ साली झी टीव्ही, १९९५ साली कार्टून नेटवर्क, २००४ साली पोगो. मुलांसाठी आठवड्यातून अर्धा तास 'किलबिल' दाखवणाऱ्या जुन्या दूरदर्शनची जागा चोवीस तासांच्या कार्टूननं घेतली. ती बहुतेक हिंदीत असतात, त्यामुळं आमचा नातू आता पाणीसुद्धा हिंदीत मागतो आणि मावशीला मौसी म्हणतो. दप्तर भीमचं, डबा भीमचा, पाण्याची बाटली मोटू-पतलूची. साधं दप्तर त्याच दुकानात स्वस्त मिळत होतं, पण त्यानं तिथंच बसकण मारली.

सगळंच वाईट म्हणणार नाही. २००६ साली 'गली गली सिम सिम' आलं. मूळ अमेरिकेतलं, १९६९ पासून चालत आलेलं, पण इथं आणताना त्यात चमकी नावाची पाच वर्षांची बाहुली घातली. शाळेच्या गणवेशातली, सारखे प्रश्न विचारणारी. पुढं ते काही कम्युनिटी रेडिओवरही ऐकवलं गेलं. पण आमच्या घरात भीम लागला की चमकीला कोण विचारतो. आणि आता दुसऱ्या कार्टूनांची नावं घ्या. भीम, मोटू, पतलू, शिवा, रुद्र, लिटल सिंघम. सगळे पोरगे नाहीतर बाप्ये. लिटल सिंघम तर सिनेमातल्या पोलिसाचा बालअवतार. एखादी मुलगी असते बाजूला, सोबतीला. मधूनमधून चुटकीही धीट होते, हे मी पाहिलं, खोटं कशाला बोलू. पण लाडू आणणं तिचं सुटत नाही.

२०२० च्या जून महिन्यात तर कहर झाला. मोबाईलवर बातमी पसरली की भीमानं चुटकीला सोडून राजकन्या इंदुमतीशी लग्न केलं. चुटकीला न्याय द्या म्हणून मोठी माणसं मागं लागली. शेवटी कंपनीला सांगावं लागलं की अहो, ही सगळी अजून लहान मुलं आहेत, कोणाचं लग्न झालेलं नाही. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. चुटकीसाठी एवढा गलका झाला तो लग्नावरून. तिच्या आईच्या दुकानाचं भांडवल किती, असा प्रश्न माझ्या तरी कानावर आला नाही.

टुनटुन मौसी. हे नाव ऐकलं की माझ्या वयाच्या बायांना सिनेमातली टुनटुन आठवते. तिचं खरं नाव उमादेवी. आईबापाविना वाढलेली उत्तर प्रदेशातली पोर, गाण्यासाठी मुंबईला पळून आली आणि संगीतकार नौशाद यांच्या दारात उभी राहिली. १९४७ च्या 'दर्द' सिनेमातल्या तिच्या गाण्यानं देश वेडा झाला. पुढं गाण्याची पद्धत बदलली, तिचं गाणं मागं पडलं, आणि ती विनोदी कामं करू लागली. नाव पडलं टुनटुन. मग तिच्या जाडेपणावर लोक पन्नास वर्षं हसले. तिनं ते काम फार हुशारीनं केलं. पण जाड बाई दिसली की टुनटुन म्हणून हाक मारायची, हे आपल्या गावच्या पोरांनाही येतं. तो आवाज मात्र कोणाला आठवत नाही. कार्टूनमधल्या लाडूवालीलाही तेच नाव आहे.

आणि मावशी म्हणाल तर आपल्याकडं जुनी मावशी आहे. तमाशातल्या गवळणीत. गवळणी दूध, दही, लोणी घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या, कृष्ण आणि पेंद्या वाट अडवतात, दाण मागतात. पुढं होते मावशी. डोईवर पदर, कमरेवर हात, शब्दाला शब्द. मावशीचं सोंग पुरुष काढायचा, आणि लोक तिच्यावर हसायचे हे खरं. पण ती माल विकायला निघालेली बाई होती, फुकट काही देत नव्हती. कृष्णाला लोण्यासाठी तिच्याशी आधी बोलावं लागायचं. माझ्या लहानपणी जत्रेत बाया लांबून, अंधारातून ती गवळण बघायच्या, आणि मावशीनं पेंद्याला गप्प केलं की पदर तोंडाला लावून हसायच्या.

पुरुषानं साडी नेसून हसवणं म्हणजे नवं काही नाही तर. बायकांना रंगमंचावर येऊ देत नव्हते तेव्हा ते सोंग होतंच. आता २०१४ साली आलेल्या 'चला हवा येऊ द्या'पासून मराठी विनोदी कार्यक्रमांत तेच सोंग पुन्हा रोज आलं. शेजारी चांगल्या विनोदी नट्या उभ्या असताना. मी पण हसले त्याच्यावर, लपवत नाही. पण आमच्या सुनेनं एकदा विचारलं, "आत्या, साडी नेसली एवढ्यावरच हसायचं का? आपण रोज नेसतो." तेव्हापासून हसू जरा अडखळतं.

घरातल्या घरात हसवणाऱ्या मालिका मराठीत आधी आल्या, हिंदीत नंतर. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर 'चिमणराव' लागायचं, चिं. वि. जोशींच्या गोष्टींवरचं. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. मी ते आता मोबाईलवर पाहिलं. त्यात फजिती होते ती चिमणरावाची. घरच्या कर्त्या पुरुषावर घरची माणसं आणि बघणारे सगळे मिळून हसतात. तेच प्रभावळकर २००१ साली 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मध्ये आबा झाले. आजोबा, मुलगा, सून, नातवंडं. तिथंही हसू एकमेकांवर फिरतं, एकाच्याच डोक्यावर बसत नाही. ती मालिका आमच्या घरी सगळे एकत्र जेवताना बघायचे, आणि कोणाला मान खाली घालावी लागायची नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण २०१५ साली आलेली एक गाजलेली हिंदी मालिका, 'भाभीजी घर पर हैं', सगळी एवढ्यावरच उभी आहे की दोन शेजारी एकमेकांच्या बायकांवर डोळा ठेवतात. नातू शेजारी बसला की मी ती बंद करते. तो विचारतो का, मी म्हणते लाइट वाचवायची आहे.

'तारक मेहता का उल्टा चश्मा' मात्र आमच्याकडं सगळ्यांना चालतं. २८ जुलै २००८ ला सुरू झालं, भीम आला त्याच वर्षी. गुजराती लेखक तारक मेहता यांच्या 'चित्रलेखा'तल्या सदरावरून. चार हजारांवर भाग झाले, आता मराठीतही ऐकायला मिळतं. त्यातली दयाभाभी करणाऱ्या नटीनं २०१७ साली बाळंतपणाची रजा घेतली आणि ती परत आली नाही. मालिकेत सांगतात, दया माहेरी अहमदाबादला गेली आहे. मैत्रिणींनो, २०१७ पासून माहेरी! आपल्याला चार दिवस मिळत नाहीत, तिसऱ्या दिवशी फोन येतो की विळी कुठं ठेवली.

त्याच मालिकेत आपली एक मराठी बाई आहे, माधवी भिडे. नवरा शिकवण्या घेतो, सोसायटीचा सेक्रेटरी आहे, जुना काळ आठवून आठवून पैसे वाचवतो. माधवी लोणची-पापड करून विकते. हे माझ्या सुनेनं दाखवून दिलं, मी इतकी वर्षं बघून माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आता मी तिच्या पापडावर डोळा ठेवून असते. वाळत कुठं घातले? उडीद कितीला आणला? हप्ता कोणाचा आहे? भांडण होतं, नाच होतो, सण होतात, पापड बाजूला राहतात. आपल्या लिज्जत पापडाची खरी गोष्ट त्यापेक्षा मोठी आहे. १९५९ साली, देशात टीव्ही आला त्याच वर्षी, १५ मार्चला गिरगावात सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले. पुढं त्याची टीव्हीवर जाहिरात आली, आणि ती आपल्या रामदास पाध्ये यांच्या ससोबाच्या बाहुलीनं पोराटोरांना पाठ झाली. जाहिरातीत ससा हसतो. सात बाया ससोबाच्या मागं राहिल्या. त्यांच्यावर रोज लागणारी एखादी विनोदी मालिका कोणी काढली तर मी पहिली बसेन बघायला. बायांच्या गटात हसण्यासारखं किती असतं ते आपल्याला माहीत आहे. पासबुक हरवण्यापासून सुरू करा.

नातीच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं ते फार उशिरा. एका संध्याकाळी तिला म्हटलं, "अगं, ताकद असते म्हणूनच तर तास-तास बेसन भाजता येतं. येऊन हलव बघू." ती हलवायला लागली. दहा मिनिटांत हात दुखला म्हणाली. नातवाला बोलावलं. भीमानं पाच मिनिटं हलवलं आणि मोबाईल मागितला.

परवा रविवारी पुन्हा खेळ मांडला होता. मी ओसरीवर शेंगा फोडत होते. नात या वेळी चुटकी नव्हती, टुनटुन मौसी झाली होती. माझी जुनी ओढणी डोक्याला गुंडाळलेली, पुढं पाटावर मातीचे लाडू रांगेनं मांडलेले, आणि मांडीवर आमच्या गटाची संपलेली वही, मागची कोरी पानं उघडून. नातू पळत माझ्याकडं आला, रडकुंडीला आलेला.

"आजी, ही लाडू देईना. म्हणती मागचे बारा लाडू उधार हायत, आधी ते फेड."

मी वही मागितली. पेन्सिलीनं, मोठ्या अक्षरात, नीट रेघ मारून लिहिलं होतं: भीम, १२ लाडू, बाकी. खाली सहीसाठी जागा सोडली होती.